शमशाद आपा आणि खोटी बत्ती

शमशाद आपा कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नाहीत, बत्त्यांकडे बघतात. टीव्हीखालची लाल, इन्व्हर्टरची हिरवी, मोडेमच्या चार लुकलुकणाऱ्या, चार्जरची टाचणीएवढी निळी. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि मगच घरमालकाला विचारायचं, "ही काय म्हणून राहिली?"

घरमालकाला वाटतं, आपा सुनेबद्दल विचारतायत.

आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा थेट स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. फिल्टरवर हिरवी बत्ती होती. नळाला चार दिवस पाणी नव्हतं, फिल्टर कोरडा ठणठणीत.

"मास्तर, ही म्हणते पाणी तयार हाय. हाय का?"

"नाही, आपा."

"मग ही झूट बोलून राहिली. अन् तू रोज हिच्या तोंडाकडं बघून गिलास भरतोस!"

पर्समधून त्यांनी काळी चिकटपट्टी काढली, दातानं तुकडा तोडला आणि बत्तीचं तोंड बंद केलं. मग सोफ्यावर बसून माझ्या बायकोला म्हणाल्या, "चहा टाक. साखर कमी."

पलीकडच्या गल्लीत एक दवाखाना आहे. त्याच्या दारावर ‘डॉक्टर आत आहेत’ अशी पाटी आणि पाटीवर लाल दिवा. डॉक्टर आत असोत नाहीतर नांदेडला लग्नाला गेलेले असोत, दिवा जळतच असायचा. आपा एकदा तिथं तासभर बसल्या आणि कंपाउंडरला म्हणाल्या, "आत कोण हाय?"

"कोणी न्हाई आपा. येतीलच."

"मग बत्ती बंद कर. आले की लाव."

कंपाउंडर हसला. आपा स्टुलावर चढल्या, बल्ब काढला, रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि परत आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. डॉक्टर आल्यावर तो बल्ब त्यांनी स्वतः लावून दिला आणि मगच नाडी दाखवायला हात पुढं केला.

लग्नाच्या मांडवातल्या रंगीत माळांना मात्र माफी आहे. "त्या काही म्हणत न्हाईत, नुसत्या नाचून राहिल्या. नाचू दे."

मी मूळचा बिलोलीकडचा. उदगीरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि गेली दहा वर्षं आपांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आपा लातूरच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत होत्या. तीस वर्षं पोरापोरींनी जोडलेल्या वायरी तपासल्या आणि चुकीच्या निघाल्या की उपटून टाकल्या. पन्नाशीत संगणकाची भाषा शिकल्या. कशा शिकल्या म्हणून विचारलं तर म्हणतात, "वाचून." निवृत्त झाल्यावर उदगीरला आपल्या बापाच्या तीन खोल्यांच्या घरात परत आल्या.

आपांच्या बोलण्यात विनंती नावाची गोष्ट नाही. "बस." "पी." "सांग." "ऊठ आता, मला काम हाय." वर्गात आज्ञार्थ शिकवताना मी उदाहरणं आपांची देतो. पोरांना व्याकरण आठवो न आठवो, उदाहरणं पाठ होतात. हा आज्ञार्थ पुढं सातासमुद्रापार गाजणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

घरात आपांखेरीज एकच माणूस, त्यांचे थोरले भाऊ रहीमभाई. शिंपी आहेत. सहा वर्षांचे असताना तापात त्यांचे कान गेले आणि बोलणंही तिथंच थांबलं. पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून त्यांचं शिलाई मशीन आहे. पठाणी शिवावी तर रहीमभाईंनी, असं उदगीरमध्ये म्हणतात. भाऊ-बहीण हातवाऱ्यांनी बोलतात, आणि ती हातवाऱ्यांची भाषा त्या घराबाहेर कुणालाच येत नाही. मला चार शब्द येतात. त्यातला एक ‘चहा’.

रहीमभाईंच्या मशीनसमोर भिंतीवर एक डबी आहे. डबी आपांनी बनवलेली. आत पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक, बाहेर चार बत्त्या. पांढरी लागली की दारात कुणीतरी आलंय. हिरवी म्हणजे नळाला पाणी आलं. पिवळी म्हणजे आपा बाहेर गेल्यात. लाल म्हणजे गॅसवर काहीतरी ठेवलंय. बाहेर जाताना आपा डबीचं लाल बटण दाबून जातात. थोड्या वेळानं रहीमभाई उठून आत जातात, गॅस बंद करतात, लाल विझवतात. ऐकणाऱ्या माणसाच्या घरात जे काम कुकरच्या शिट्टीनं आणि हाकांनी होतं, ते त्या घरात या चार बत्त्या करतात.

आता गोष्टीतला तांत्रिक भाग. घाबरू नका. मला समजला म्हणजे कुणालाही समजेल.

एके सकाळी आपा भिंतीपलीकडून ओरडल्या, "मास्तर! ये!"

मी गेलो. त्या डबीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हा ड्रायव्हर हरामखोर हाय."

मी दारात जीप आहे का ते बघितलं.

"जीपचा न्हाई रे! बत्तीचा ड्रायव्हर. बस. संगणकाला बत्ती लावायची अक्कल न्हाई. तो ड्रायव्हरला सांगतो, ड्रायव्हर बत्तीला सांगतो. प्रोग्रामच असतो तो, लहानसा. कळलं?"

"कळलं."

"लाईट गेली की संगणक मरतो. पण बत्त्यांना मी वेगळी बॅटरी दिलेली हाय, त्या जळत राहतात. लाईट आली की संगणक उठतो, ड्रायव्हर ड्यूटीवर येतो, अन् आल्या आल्या पहिलं काम काय करतो? सगळ्या बत्त्या बंद! कोणी लावली, का लावली, काही विचारत न्हाई. गॅसवर दूध हाय, लाल जळून राहिली, दोन मिनिटं लाईट गेली-आली, की लाल गायब. भाईजानला वाटणार, मी येऊन गॅस बंद केला."

"मग त्याला सांगायचं, बंद करू नको म्हणून."

आपांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गातल्या मागच्या बाकावरच्या एखाद्या पोराकडे अचानक बरोबर उत्तर आल्यावर बघतो.

"तेच केलंय. ड्रायव्हरला एक पर्याय दिला मी. ज्याला बंद करायची त्यानं ‘बंद’ लिहावं, ज्याला लावायची त्यानं ‘चालू’, अन् तिसरा पर्याय ‘तशीच ठेव’. बारा ओळी. माझ्या डबीत चालून बी राहिल्या. पण अपडेट आलं की माझ्या ओळी पुसल्या जातात, जुना ड्रायव्हर परत येतो. अन् अपडेट बंद करणं म्हणजे दाराला कडी न घालता झोपणं. दर वेळी मीच बसायची का लिहायला?"

ही संगणक-प्रणाली जगभरातले लोक मिळून लिहितात, फुकट, आणि तिची मूळ प्रत सगळ्यांसाठी एकच असते. तिच्यात आपांच्या बारा ओळी गेल्या तर प्रश्न कायमचा मिटणार होता. मात्र मूळ प्रतीत काहीही घालायचं तर ईमेल पाठवावी लागते, आणि प्रत्येक विभागावर एक राखणदार असतो. बत्त्यांच्या विभागाचा राखणदार दूरच्या कुठल्यातरी थंड देशात राहत होता. आपांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव दारोगा ठेवलं.

ईमेल गेली आणि आमच्या गल्लीत भलतंच वातावरण तयार झालं. आपा दर तासाला भिंतीवरून सांगायच्या, "अजून न्हाई." किराणा दुकानदार मला विचारायला लागला, "सर, आपाच्या बत्तीचं काय झालं?" माझी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांच्याकडं आता सकाळ झाली असेल, नाही का?" आमच्या घरात याआधी कुणी दुसऱ्या देशातल्या सकाळीचा विचार केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपा चप्पल न घालता आमच्याकडे आल्या.

"मास्तर, हा काय म्हणतो बघ! म्हणतो, वर्णन आज्ञार्थात लिहा!"

मी वाचलं. खरंच होतं. ‘या बदलामुळे पर्याय मिळू शकेल’ असं लिहू नका, ‘पर्याय द्या’ असं लिहा, हा तिथला नियम आहे. प्रणालीला जणू हुकूम सोडायचा. आणि आपांनी काय लिहिलं होतं? जन्मभर हुकूम सोडणाऱ्या बाईनं परक्या माणसाला लिहायचं म्हणून इतकं अदबीचं इंग्रजी लिहिलं होतं की वाचताना मलाच कुर्निसात करावासा वाटला. ‘आपली हरकत नसल्यास, कृपावंत होऊन, सदर पर्याय जोडण्याचा विचार व्हावा ही नम्र विनंती.’

"आपा," मी म्हटलं, "तुम्ही माझ्याशी बोलता तसं लिहा."

आपा खुर्ची ओढून बसल्या आणि तिथल्या तिथं बोटानं हवेत लिहिल्यासारखं करत म्हणाल्या, "पर्याय दे. बत्ती तशीच ठेव. लाईट आल्यावर हात लावू नको."

"झालं!"

"इतकं सोपं हाय?" त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "तीस वर्षं प्रिन्सिपल सांगून राहिला होता, शमशादबाई जरा नरमीनं बोला. इथं तर नरमीच चालत न्हाई!"

दुसरी खेप गेली. दारोगानं या वेळी चार तासांत उत्तर दिलं. ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडताना आपांनी आठ वेळा स्पेस दाबली होती, तिथं एकदा टॅब दाबायला हवा होता.

"दिसायला एकच दिसते ना?" मी विचारलं.

"हाव. एकच दिसते."

"मग?"

"मग काय! आतून वेगळी हाय. बरोबर बोलला तो." आपांना राग यायच्या ऐवजी दारोगा आवडायला लागला होता. दिसतं एक आणि आत दुसरंच, हे चालवून न घेणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी रात्रीचं जेवण लवकर उरकून सगळ्या ओळी पुन्हा लिहिल्या. शिवाय पर्यायाची माहिती वेगळ्या फाइलमध्ये द्या, असंही त्यानं सांगितलं होतं. तीही दिली.

तिसऱ्या खेपेला मात्र दारोगानं जो प्रश्न विचारला, तो आपांना लागला. ‘हा पर्याय कुणाला हवा आहे? हे काम ड्रायव्हरमध्येच का व्हायला हवं? संगणक सुरू झाल्यावर दुसरा एखादा प्रोग्राम बत्त्या परत लावू शकत नाही का?’

"लावू शकतो का?" मी विचारलं.

"लावू शकतो. दीड मिनिटानं. अन् तेवढ्या वेळात भाईजाननं बत्ती विझलेली बघितली तर? शिवाय लाईट काय सांगून जाते का, की मी चालले, तुमच्या बत्त्या लिहून ठेवा?"

"मग हेच लिहा. भावासाठी हवं आहे म्हणून लिहा."

आपा एकदम उठल्या. "माझ्या घरची गोष्ट दुनियेला सांगू? माझा भाऊ बहिरा हाय म्हणून सवलत मागू? ओळी बरोबर असतील तर घे, नसतील तर नको घेऊ. ऊठ. जा घरी."

मी उठलो. पंधरा दिवस आपांनी ईमेल उघडली नाही. भिंतीवरून आवाज यायचा बंद झाला. किराणा दुकानदारानंही विचारणं सोडून दिलं. दारोगाला त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि दारोगाला काय, रोज शंभर ईमेली येत असतील.

मग एका दुपारी मी कॉलेजातून येत होतो तेव्हा माझी बायको आपांच्या दारात उभी राहून कडी वाजवत होती. पांढऱ्या बत्तीचं दारावरचं बटण तिनं कधीच दाबलं होतं, पण रहीमभाईंची मान वर होत नव्हती; दार वाजवून उपयोग नाही हे माहीत असूनही तिचे हात थांबत नव्हते. आतल्या अंगणावर काळा धूर दिसत होता. मी खिडकीशी गेलो आणि दोन्ही हात हलवले. रहीमभाई समोरच मशीनवर वाकून कॉलर बसवत होते. माझ्याकडे लक्ष जायला त्यांना चार-पाच सेकंद लागले असतील. ते मला फार वाटले.

ते धावत आत गेले. कुकरमधलं पाणी आटून गेलं होतं, डाळीचा कोळसा झाला होता, आणि गॅसशेजारी वाळत घातलेल्या फडक्यानं पेट घेतला होता. रहीमभाईंनी ते हातानंच ओढून मोरीत टाकलं. उजव्या तळव्याला फोड आले. शिंप्याचा उजवा तळवा.

झालं होतं असं: सकाळी अपडेट आलं आणि आपांच्या बारा ओळी पुसल्या गेल्या. आपांच्या ते लक्षात आलं नाही. डाळ चढवून, लाल आणि पिवळी लावून त्या बँकेत गेल्या. मध्ये तीन मिनिटं लाईट गेली. आली तेव्हा ड्रायव्हरनं सगळ्या बत्त्या विझवल्या. रहीमभाईंनी भिंतीकडे बघितलं, लाल नव्हती, पिवळीही नव्हती. म्हणजे बहीण आली आणि गॅसही बंद झाला. ते निश्चिंत मनानं कॉलर शिवत बसले.

आपा परत आल्या, सगळं बघितलं, भावाच्या हाताला मलम लावलं. रहीमभाई डाव्या हातानं सारखं काहीतरी सांगत होते. आपा मान हलवत होत्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतो, माझीच चूक. मी नीट बघितलं न्हाई." आपांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "पन्नास वर्षं झाली, सगळं डोळ्यांनीच नीट बघून राहिला हा माणूस. अन् म्हणतो माझी चूक."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, बस. लिही."

मी लिहून घेतलं, आपांनी त्याचं इंग्रजी केलं. फार मोठं नव्हतं. ‘माझ्या भावाला ऐकू येत नाही. तो घरातलं सगळं बत्त्या बघून ओळखतो. लाईट जाऊन आली की ड्रायव्हर बत्ती विझवतो आणि त्याला चुकीचं सांगितलं जातं. आज त्याचा हात भाजला. दीड मिनिटानं खरं सांगितलेलं उशिराचं असतं. बत्ती तशीच ठेव.’

खाली एक रकाना असतो, हा बदल कुणी तपासून बघितला त्याचं नाव लिहायचं. आपांनी तिथं लिहिलं, अब्दुल रहीम. मग लॅपटॉप उचलून त्यांच्यासमोर नेला. रहीमभाईंना इंग्रजी वाचता येत नाही. आपांनी खडूनं कापडावर उर्दूत तेच नाव लिहिलं आणि पडद्यावरच्या अक्षरांखाली बोट ठेवलं. रहीमभाईंनी दोन्ही बघितलं, भाजलेला हात छातीशी धरला आणि लाजून दुसरीकडे बघायला लागले.

एक दिवस गेला, दोन गेले. दारोगा गप्प. चौथ्या दिवशी उत्तर आलं, पण दारोगाचं नाही. कुठल्यातरी तिसऱ्याच देशातल्या एका माणसानं लिहिलं होतं की त्याच्या आईला ऐकू येत नाही, तिच्यासाठी त्यानं अशीच बत्त्यांची डबी केली आहे आणि तिला हीच अडचण येते. त्यानं आपांच्या ओळी घालून बघितल्या, चालतात. पाचव्या दिवशी एका बाईचं पत्र आलं. ती कारखान्यात यंत्रांवरच्या बत्त्या बघायची. तिलाही हवं होतं. आपा प्रत्येक ईमेल आम्हाला पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि दर वेळी ‘आईला’ या शब्दाशी आल्या की चष्मा पुसायच्या.

आठव्या दिवशी सकाळी साडेसातला भिंतीवरून असा आवाज आला की माझ्या हातातला दाढीचा ब्रश खाली पडला.

"मास्तर! घेतलं! दारोगानं घेतलं!"

मी तोंडाला फेस तसाच ठेवून धावलो. दारोगाचे दोनच शब्द होते. ‘घेतलं. आभार.’

"दोनच?" मी म्हटलं.

"मग काय कविता करणार का? घेतलं म्हणतोय!" आपा रहीमभाईंच्या खांद्याला धरून त्यांना हलवत होत्या, हातांनी भराभर सांगत होत्या. रहीमभाईंनी सगळं समजून घेतलं आणि आपल्या साठीतल्या बहिणीच्या डोक्यावर टपली मारली. मी दहा वर्षांत आपांना कुणी हात लावलेला बघितला नव्हता.

त्या शुक्रवारी आपांनी गल्लीला खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला. किराणा दुकानदार सगळ्यांना सांगत होता, "आपाची बत्ती पास झाली!" कुणाला वाटलं, नगरपालिकेनं गल्लीत खांब मंजूर केला. दोघंतिघं आपलं घर कुठल्या खांबाजवळ येईल ते विचारून गेले. आपा वाढता वाढता म्हणत होत्या, "खा. अजून घे. बोलू नको, खा."

पण मूळ प्रतीत गेलेली ओळ आपल्या घरी पोचायला वेळ लागतो. नवी आवृत्ती तयार होते, लोक तपासतात, मग ती अपडेटमधून येते. यात तीन महिने गेले. आपा रोज सकाळी बघायच्या. मला त्यांची घाई समजत नव्हती. ओळी पास झाल्या, नाव लागलं, आता आज काय आणि महिन्यानं काय?

शेवटी अपडेट आलं. मी, माझी बायको, रहीमभाई आणि आपा डबीसमोर उभे राहिलो. आपांनी लाल लावली. "मास्तर, मेन स्विच पाड." मी पाडला. पंखा थांबला, लाल जळत राहिली. "लाव." मी लावला. संगणक उठायला लागला. आम्ही चौघं एका बत्तीकडे श्वास रोखून बघत होतो. दहा सेकंद. वीस. ड्रायव्हर ड्यूटीवर आला असेल, नसेल. दीड मिनिट झालं. दोन झाली. लाल तशीच. आपांनी डबीतली ओळ वाचून खात्री केली. ती त्यांनी घातलेली नव्हती, वरून आलेली होती. माझ्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. रहीमभाईंनी त्या बघितल्या आणि त्यांनीही वाजवल्या.

आपा खुर्चीवर बसल्या. मला म्हणाल्या, "मास्तर, बस."

बसलो.

"परवा मी हैदराबादला जाणार हाय. दिलाचं आपरेशन हाय."

"कधी ठरलं?"

"पाच महिने झाले. दोनदा तारीख पुढं ढकलली. डॉक्टर चिडून राहिला." त्या रहीमभाईंकडे बघत होत्या. ते परत मशीनवर जाऊन बसले होते. "त्याला आत्ता संध्याकाळी सांगणार हाय. आधी सांगून काय करायचं? मी परत आले तर ठीक. न्हाई आले तर अपडेट आल्यावर ह्याच्यासाठी कोण बसणार होतं ओळी लिहायला? तू? तुला टॅब अन् स्पेस कळत न्हाई."

"आपा..."

"रोज संध्याकाळी येऊन बस त्याच्यापाशी. बोलू नको, तुला बोलता येत न्हाई. नुसतं बस." आणि मग, दहा वर्षांत पहिल्यांदा, हळूच म्हणाल्या, "बसशील का?"

त्या वाक्याला प्रश्नचिन्ह होतं. मी मान डोलावली.

आपा गेल्या. आपरेशनच्या दिवशी हैदराबादहून त्यांच्या मामेबहिणीचा फोन आला, सगळं नीट झालं, अजून बोलू देत नाहीत. मी रहीमभाईंना खुणांनी सांगितलं, कागदावर चित्र काढून सांगितलं, अंगठा वर करून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण मशीनवरचं कापड तसंच होतं. दोन दिवस त्यांनी सुईत दोरा ओवला नाही. मी सांगत होतो ते त्यांना समजत होतं, पण माझ्यावर विसंबावं इतकी काही आमची भाषा नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथं बसलेलो असताना डबीवर एक निळी बत्ती लागली. ती जाण्याआधीच्या दिवशी आपांनी बसवली होती. तिचं बटण घरात कुठंच नव्हतं, ते आपांच्या मोबाइलवर होतं.

रहीमभाई उठले. डबीजवळ जाऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते मी मोजलं नाही. मग परत येऊन मशीनवर बसले, चष्मा लावला, सुईत दोरा ओवला आणि पाय चालायला लागले.

थोड्या वेळानं लाईट गेली. पंखा थांबला. मी डबीकडे बघत राहिलो. लाईट आली, आतला संगणक उठला, आणि माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. निळी जळतच होती.

रहीमभाईंनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ते पठाणीच्या कॉलरला टाके घालत होते, अगदी सरळ, एकामागून एक.